तुम्ही विचारलंत म्हणून: ‘६६ टक्के हेट’ म्हणजे नक्की काय?

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या माझ्या जीवशास्त्राच्या शिकवणीत हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो, आणि मुलांपेक्षा पालकांकडून जास्त. “मॅडम, मुलगा बॉल पायथन घ्यायचा म्हणतोय. विकणारा सांगतो, पिल्लू दिसायला साधं आहे, पण अल्बिनोचं ६६ टक्के हेट आहे, म्हणून महाग. साप ६६ टक्के अल्बिनो कसा असेल?”

तसा तो नसतोच. त्या पिल्लात अल्बिनोचं, म्हणजे काळा रंग तयार न होण्याचं, जनुक एक तर आहे किंवा नाही. ६६ हा आकडा सापाबद्दल आपल्याला किती माहिती आहे, एवढंच सांगतो.

बॉल पायथन हा घाना, टोगो, बेनिन या भागातला छोटा अजगर. घाबरला की डोकं आत घेऊन वेटोळ्याचा गोळा करतो. मूळ रंग काळा आणि तपकिरी. त्यातला काळा रंग मेलॅनिनचा, आणि मेलॅनिन तयार व्हायच्या पहिल्याच पायरीवर टायरोसिनेज नावाचं विकर लागतं. या विकराच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते आणि साप चारचौघांसारखा दिसतो. हाच तो हेट, म्हणजे हेटरोझायगस, दोन प्रती वेगवेगळ्या असलेला. दोन्ही बिघडल्या की मेलॅनिन बंद. मात्र सापाच्या कातडीत पिवळ्या रंगाच्या पेशी वेगळ्या असतात, त्यांना या विकराची गरज नसते. म्हणून अल्बिनो उंदीर पांढराफटक, तर अल्बिनो अजगर पांढऱ्यावर पिवळ्याधमक नक्षीचा. डोळे लाल, कारण रंगच नसल्याने आतलं रक्त दिसतं.

आमच्या फूलबागेतल्या प्राणी उद्यानात पांढरा वाघ पाहून आलेली मुलं त्यालाही अल्बिनो म्हणतात. तो अल्बिनो नव्हे. त्याचे पट्टे गडद असतात, डोळे निळसर, आणि बदल वेगळ्याच जनुकात आहे, हे २०१३ साली सिद्ध झालं. पण तो बदल वारशाने उतरतो तो अगदी याच रीतीने, आणि त्याची गोष्ट आपल्याच मध्य प्रदेशातली आहे. १९५१ साली रीवाच्या जंगलात पकडलेल्या मोहन या पांढऱ्या वाघाला नेहमीच्या रंगाच्या बेगम या वाघिणीपासून झालेले सगळे बछडे नारिंगी निघाले. मग त्याची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी लावली, आणि १९५८ साली चार पांढरे बछडे झाले. राधा दिसायला नारिंगी होती, पण बापाची प्रत तिच्यात होतीच. सापांच्या धंद्यातही बाप-लेकीच्या जोड्या अशाच लावतात. जनुक उघडं पाडायला ती सर्वात जवळची वाट आहे खरी, पण मला ती पटत नाही. हव्या त्या जनुकाबरोबर नको असलेलीही दुहेरी होऊन बसतात.

आता ६६ कडे. दोन हेट सापांची जोडी लावली तर सरासरीने चारांत एक पिल्लू अल्बिनो, दोन हेट, एक पूर्ण साधं. अल्बिनो तर डोळ्यांनी ओळखता येतं, ते बाजूला काढलं. उरलेल्या तीन एकसारख्या पिल्लांपैकी दोन हेट, पण कुठली दोन, ते कळायला मार्ग नाही. तीनात दोन, म्हणजे ६६ टक्के.

त्यातलं एक पिल्लू मोठं झालं, त्याची जोडी अल्बिनोशी लावली आणि सहा अंडी मिळाली असं धरा. एक जरी अल्बिनो निघालं तरी ६६ चे १०० झाले. सहाही साधी निघाली तर? हेट सापाच्या बाबतीत असं चौसष्टांत एकदाच घडेल. आधीच्या अंदाजात ही नवी माहिती मिळवली की ६६ टक्के उतरून जेमतेम ३ वर येतात. सापाच्या अंगातलं काहीही बदललेलं नाही.

अमेरिकेत सापांची पैदास करणाऱ्या बॉब क्लार्क यांनी १९९२ साली पहिल्यांदा पाळीव जोडीतून अल्बिनो बॉल पायथन मिळवला, तेव्हा असं जोड्या लावून बघण्यावाचून दुसरा इलाजच नव्हता. २०२२ साली ईस्टर्न मिशिगन युनिव्हर्सिटीच्या गटाने पाळणाऱ्यांनी पाठवलेल्या काती तपासून जनुकंच शोधून काढली. अल्बिनोत टायरोसिनेजचं जनुक बिघडलेलं, लॅव्हेंडर अल्बिनो या दुसऱ्या रंगप्रकारात ओसीए२ हे जनुक, अल्ट्रामेल या तिसऱ्यात टीवायआरपी१. त्यामुळे एक अल्बिनो आणि एक लॅव्हेंडर अल्बिनो यांची जोडी लावली तर पिल्लं चक्क साध्या रंगाची होतात. एकाकडे जे बिघडलंय ते दुसऱ्याकडे शाबूत असतं.

हीच तीन जनुकं माणसातही आहेत आणि त्यांच्यातल्या बिघाडाने माणसातही वर्णहीनता येते. म्हणून मी हा धडा घाईने उरकत नाही. पांढऱ्या केसांचं बाळ जन्मलं की आपल्याकडे अजूनही सुनेच्या माहेराकडे बोट दाखवतात. या तिन्हींपैकी कुठलंही जनुक असो, एक प्रत बापाकडूनही आलेली असावीच लागते. ती त्याच्या आईकडून आली असेल, वडिलांकडून आली असेल, पिढ्यान्‌पिढ्या कुणाला दिसलीही नसेल.

साप घ्यायचाच असेल तर आधी कायद्याचं बघा: परदेशी असला तरी बॉल पायथनची वन्यजीव कायद्याखाली नोंदणी लागते. मग विकणाऱ्याला विचारा, पिल्लाच्या आईबापांपैकी कुणी स्वतः अल्बिनो होतं का. असेल तर साधं दिसणारं पिल्लू १०० टक्के हेट. नसेल तर त्या जोडीला आधी अल्बिनो पिल्लू झालं होतं का, किंवा त्या दोघांच्याही आईबापांत अल्बिनो होता का, ते विचारा. यातलं काहीच नसेल तर आईबाप हेट होते हाही अंदाजच, आणि मग ६६ म्हणून जास्तीचे पैसे मोजू नका.