आमची वाटचाल : एकाच लेथवर दोन पगार

वर्कशॉप सुरू केलं तेव्हा आम्ही आठ जण, सगळे कायम. काम कमी-जास्त व्हायचं, पगार मात्र दर महिन्याला तेवढाच. नवा माणूस घ्यायची भीती वाटायची. उद्या काम थांबलं तर त्याला बसवून कसा पोसायचा? त्या भीतीपायी दोन चांगल्या ऑर्डरी सोडल्या.

मग ठेकेदारामार्फत माणसं घेऊ लागलो. हवी तेव्हा बोलवायची, नको तेव्हा थांबवायची. तीन वर्षांत उलाढाल दुप्पट झाली, हे नाकारत नाही.

पण एकदा पगारपत्रक आणि नफ्याचा हिशोब शेजारी ठेवून बघितला. वाढलेल्यातलं बहुतेक माझ्याकडेच आलं होतं. एकाच लेथवर (धातू फिरवून कापायचं मशीन) पहिल्या पाळीत कायमचा माणूस, दुसऱ्या पाळीत कंत्राटी. जॉब तोच, ड्रॉइंग तेच, दुसऱ्याच्या हातात मात्र जेमतेम निम्मे पैसे. (ठेकेदाराचं कमिशनही त्याच्याच घामातून.) कायम माणसांनीही पगारवाढ मागणं बंद केलं होतं. मला ते समाधान वाटलं. ती धास्ती होती.

फटका बसला रिजेक्शनमध्ये, म्हणजे नापास होऊन परत येणाऱ्या मालात. चार महिन्यांत जाणाऱ्या माणसाला मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) नीट धरायला कोण शिकवणार, आणि तो तरी कशाला शिकेल? एकदा अख्खा लॉट परत आला. बोअर, म्हणजे आतलं भोक, चाळीस मायक्रॉनने (मिलिमीटरचे हजारावे भाग) लहान. कापणारं टूल झिजलं होतं. जुन्या माणसाला ते नुसत्या आवाजावरून कळलं असतं.

त्याच सुमारास वाचनात आलं. 2008च्या मंदीआधी स्पेनमध्ये जवळजवळ एक तृतीयांश नोकरदार तात्पुरत्या करारावर होते. मंदीत आधी तेच गेले, आणि 2013 साली बेरोजगारी 26 टक्क्यांच्या आसपास होती. जर्मनीचं उत्पन्न 2009 साली पाच टक्क्यांहून जास्त घसरलं, तरी बेरोजगारी फारशी वाढली नाही. कंपन्यांनी तास कापले, माणसं ठेवली. बुडालेल्या पगाराचा मोठा भाग बेरोजगारी विम्यातून मिळाला.

आमच्या पाठीशी असा विमा नव्हता. तरीही बहुतेकांना कायम केलं. बदल्यात ठरलं, काम घटलं की सगळ्यांचे तास घटतील, माझी उचलही त्याच प्रमाणात. प्रत्येकाला दोन मशीन शिकवली. गेल्या मंदीत आठवड्याचे चारच दिवस चाललो. दोघं सोडून गेले. चार दिवसांत त्यांचं भागेना, दोष कसा देणार?

पॅकिंगला तिघं अजून कंत्राटी आहेत. त्यांचा रोज आता कायम हेल्परएवढाच. ठेकेदार त्यावरून अजून कुरकुरतो.