कुणीही बसायचं नाही

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं समितीचं पत्र आलं तेव्हा मुख्याध्यापक सर, गणिताच्या बाई, पत्र्याच्या खोलीतलं वाचनालय, शिपाईमामांची घंटा, सगळ्यांवर थोडं थोडं लिहायचं मनात होतं. लिहायला बसले आणि पहिल्या ओळीपासून पी.टी.चे सरच समोर येत राहिले. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. बालरोगतज्ज्ञ म्हणून आज मी जे काम करते, त्याचं मूळ सरांच्या तासात आहे आणि ते एकदा छापून यायलाच हवं होतं.

बाकीच्या शिक्षकांना आपण आडनाव लावून सर म्हणायचो. हे मात्र नुसते ‘सर’. ‘सर आले’ म्हटलं की कोण, हे कुणाला विचारावं लागत नसे. पांढरी पँट, पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी त्यांनी फारशी वाजवल्याचं आठवत नाही, कारण त्यांच्या नुसत्या आवाजावर लिंबाखालची पोरं उठून उभी राहायची.

सरांचं मूळ गाव आटपाडीकडचं. वडील औंध संस्थानच्या शाळेत शिकलेले. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळाशाळांतून सूर्यनमस्कार घालायला लावले, त्या पिढीतले. त्यामुळे व्यायाम हा अभ्यासाइतकाच शाळेचा भाग आहे, हे सरांना कुणी परिपत्रक काढून सांगायची गरज नव्हती. ते घरातूनच आलेलं होतं.

शनिवारची सकाळची शाळा तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. सामुदायिक कवायत, डंबेल्स, मग लेझीम. चार आवाज, आठ आवाज, पवित्रा, आणि हलगीवर ठेका धरणारा नववीतला तो मुलगा! पण मला जास्त आठवतं ते त्याआधीचं खडे वेचणं. अख्खी शाळा मैदानाच्या एका कडेला ओळीत उभी राहायची आणि वाकून, बसून, पुढे सरकत पलीकडच्या कुंपणापर्यंत जायची. माण तालुक्याची खडकाळ जमीन. आज वेचलेले खडे, पुढच्या शनिवारी तिथेच नवे. सर स्वतः ओळीत असायचे. अनवाणी पळणारी पोरं निम्म्याहून जास्त होती आणि एकाच्याही पायाला इजा होता कामा नये, यावर त्यांचा कटाक्ष. खो-खोचे खुंट ते दरवर्षी काचकागदाने घासून गुळगुळीत करायचे, तळहातात कुसळ जाऊ नये म्हणून. हापशीवर हातपाय धुतलेलं पाणी चर काढून लिंबाच्या रोपांना सोडलेलं. त्या दुष्काळी गावात आपल्या मैदानाला जी सावली मिळाली, ती त्या चरामुळे.

आता मुख्य गोष्ट सांगते. सरांचा एकच नियम होता: कुणीही बसायचं नाही. लंगडी असो, लगोरी असो, आट्यापाट्या असोत, बाद झालेल्याने कडेला बसून बघत राहायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. बाद झालं की कुंपणाला एक चक्कर मारायची आणि परत डावात शिरायचं. आम्हाला तेव्हा ती शिक्षा वाटायची. एकदा कुणीतरी विचारलंच, तर सर म्हणाले, “अरे, जे पोरगं पहिलं बाद हुतंय, त्यालाच खेळायची जास्त गरज हाय. आन् तेच आपण बसवून ठेवायचं व्हय?” वर्गातली साठ पोरं-पोरी असली तरी फक्कीने तीन मैदानं आखलेली असायची, म्हणजे एकाच वेळी सगळे पळताहेत. शाळेच्या संघाने जिल्ह्याच्या ढाली आणल्या, त्या कार्यालयातल्या कपाटात आहेत. पण सरांनी संघाची तयारी शाळा सुटल्यावर घेतली. तासाची वेळ संघासाठी कधीच खर्ची घातली नाही. तास सगळ्यांचा.

माझी गोष्ट याच नियमातली. मी पाचवीत आले ती दमेकरी पोर म्हणून. थंडीत आणि सुगीच्या धुळीत छाती घुरघुरायची, रात्र रात्र आई उशाला बसून असायची. वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, गावातल्या शिकलेल्या माणसाकडून चिठ्ठी लिहून घेतली, ‘मुलीस दम्याचा विकार असल्याने खेळाच्या तासातून सूट मिळावी’, आणि माझ्या हातात दिली. सरांनी ती उभ्या उभ्या वाचली, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि मला म्हणाले, “आज लिंबाखाली थांब. उद्याचं उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी सर सायकलवरून दहिवडीला सरकारी दवाखान्यात गेले. माझ्यासाठी. तिथल्या डॉक्टरांना त्यांनी विचारलं, ही पोर खेळली तर काय होईल, आणि नाही खेळली तर काय होईल. हा दुसरा प्रश्न! मी वैद्यकीय शिक्षण घेतलं, पुढे एम.डी. केलं, पण पालकांच्या तोंडून हा दुसरा प्रश्न मी क्वचितच ऐकला आहे. डॉक्टरांनी सांगितलं की खेळू द्या, पण एकदम पळवू नका, घुरघुर वाटली की थांबवा, गोळी जवळ ठेवा. संध्याकाळी सर आमच्या वस्तीवर आले. आण्णा अंगणात बाजेवर बसले होते. सरांनी डॉक्टरांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. आई चुलीपाशी बसून म्हणाली, “पोरीच्या जातीला कशाला हवंय सर पळणं?” सर म्हणाले, “वहिनी, जीव पोरीचा असो का पोराचा, छाती सारखीच असती. ती मजबूत करूया.”

मग माझ्यासाठी वेगळा क्रम ठरला. आधी नुसतं चालत फेरी. मग चालणं आणि हळू पळणं आलटून पालटून. नंतर थोडं थांबायचं आणि मग खेळायला जायचं. वारा कुठून आहे ते बघून मला धूळ येणार नाही त्या बाजूच्या मैदानात घालायचे. गोळीची पुडी स्वतःच्या खिशात. आज आम्ही दम्याच्या मुलांना हेच सांगतो: दमा आटोक्यात ठेवायचं औषध नियमित घ्या, खेळण्याआधी हळूहळू अंग गरम करा, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर खेळापूर्वी इनहेलर घ्या, आणि मग मनसोक्त खेळा. सरांनी ते एका खेड्यातल्या शाळेत 1987 साली करून दाखवलं होतं, इनहेलर बहुतेकांनी पाहिलेलाही नसताना. आठवीत मी शाळेच्या खो-खो संघात बचावाला उभी राहिले. साखळी खेळताना हूल देऊन उलटं फिरायची माझी सवय होती. ते फिरणं मला सरांनी खुंटापाशी उभं करून, खांद्याला धरून शिकवलं होतं.

त्या काळात मुलींना मैदानावर आणणं सोपं नव्हतं. अर्ध्या चड्डीवर पोरी खेळणार म्हटल्यावर गावात कुजबुज झाली. सरांनी वाद घातला नाही. “पंजाबी ड्रेसवर खेळा, ओढणी कमरेला बांधा, पण खेळा,” एवढंच म्हणाले. मोठ्या मुलींच्या अडचणीच्या दिवसांबद्दल बोलायला त्यांनी शाळेतल्या एका बाईंना मैदानावर बसवलं, म्हणजे कुणाला सरांपर्यंत सांगत यायला नको. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी नाही, पण महिन्यातले बाकीचे दिवस पोरगी मैदानात हवी. पोलिओने पाय गेलेला आमच्या वर्गातला मित्र बसून गोळा फेकायचा आणि त्याच्या दंडाशी आमच्यापैकी कुणाची बरोबरी नव्हती. पुढे तो कुबड्या घेऊन सरांच्या बरोबरीने शिखर शिंगणापूरला गेला. दर पाच-दहा पायऱ्यांवर सगळे थांबायचे, त्याच्यासाठी म्हणून कुणी तोंडाने बोललं नाही.

हे सगळं आज इतकं आठवतं त्याला कारण माझा दवाखाना. पिंपरी-चिंचवडमध्ये माझ्याकडे दहा-बारा वर्षांची मुलं येतात. आई सांगते, डॉक्टर, हिच्या मानेवरचा मळ निघतच नाही, साबण झाला, डाळीचं पीठ झालं, घासून घासून कातडी लाल झाली. तो मळ नसतो. मानेच्या वळीत आलेला तो काळा, मखमली पट्टा म्हणजे शरीरात इन्शुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. पूर्वी चाळिशीनंतर दिसणारा मधुमेह आता शाळकरी वयात दाराशी येऊन उभा आहे. दिवसभर घरात असल्याने लहान वयात चष्मा लागतो, कारण डोळ्यांना उघड्यावरचा उजेड मिळत नाही. आणि हाडं! आयुष्यभराची हाडांची मजबुती बहुतेक विशीपर्यंतच कमवायची असते, उड्या मारून, पळून, अंगावर भार घेऊन. ती कमाई पुढे औषधाने तशी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये पुन्हा सांगितलं की 5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी किमान 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून तीन दिवस तरी स्नायू-हाडं बळकट करणारे खेळ असावेत. मी ते वाचलं तेव्हा मला आपलं वेळापत्रकच दिसलं: रोजची मधली सुट्टी, पी.टी.चा तास, शनिवारची कवायत, आणि वस्तीवरून शाळेपर्यंतची पायपीट.

आजही पालक माझ्याकडे सूट मागायला येतात. दहावीचं वर्ष आहे, डॉक्टर, खेळाच्या तासाला बसून अभ्यास करू दे असं लिहून द्या. मी लिहून देते, पण मुलाला काय काय करता येईल ते. दम्याची मुलगी असेल तर खेळाच्या शिक्षकांसाठी सविस्तर क्रम लिहिते, तिच्या औषधासह. गोळ्या-औषधांच्या कागदावर सगळ्यात वर ‘रोज एक तास मैदानात’ ही ओळ असते. आमच्या सोसायटीत ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ अशी पाटी होती. सभेत दोन वर्षं बोलून बोलून ती आम्ही काढायला लावली आणि आता संध्याकाळी पार्किंगच्या कडेला डब्बा ऐसपैस आणि लंगडी चालते. बाद झालेलं पोर चक्कर मारून परत खेळात येतं, हा नियम तिथेही लागू आहे. परिसरातल्या काही शाळांनी माझ्या आग्रहावरून सुट्टीनंतर मैदान तासभर उघडं ठेवायला सुरुवात केली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत नेपाळला हरवून भारत जिंकला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. मी अंतिम सामने संपल्या संपल्या सरांना फोन लावला. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत, गुडघे कुरकुरतात, तरी सकाळी मळ्यापर्यंत चालत जातात. त्यांनीही सामने पाहिले होते आणि आवाजात आनंद मावत नव्हता. पण दोन मिनिटांत म्हणाले, “ते झालं. आपल्या शाळंत आता किती पोरं खेळत्यात? तू चौकशी केलीस का?” 2016 ला आपल्या तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली तेव्हाही त्यांनी असंच विचारलं होतं. 1984 च्या पी. टी. उषांनंतर धावपट्टीवरच्या अंतिम फेरीत गेलेली ती पहिली भारतीय महिला. सगळा तालुका नाचत होता आणि सर विचारत होते, तिच्या मागं पळणारी पोरं कुठायत.

मी चौकशी केली. गेल्या दिवाळीत शाळेत जाऊन आले. नवी इमारत देखणी आहे, संगणक कक्ष आहे, त्याचं कौतुक आहेच. पण ती उभी राहिली आहे ती आपल्या खो-खोच्या मैदानावर. उरलेल्या तुकड्यात बस आणि दुचाक्या लागतात. खुंट कुठे गेले, कुणाला सांगता आलं नाही. सर निवृत्त झाल्यापासून पूर्णवेळ क्रीडाशिक्षक नाही. खेळाचा तास वेळापत्रकात आहे, त्यात बहुतेक वेळा दुसरा विषय घेतला जातो. तालुक्याच्या गावी तासावर पैसे घेणारं हिरवं टर्फ झालंय, ज्यांना परवडतं त्यांची पोरं तिथे जातात. वस्तीवरची पोर कुठे जाणार? आणि ज्याला खेळता येत नाही, जो पहिला बाद होतो, त्याला तिथे कोण बोलावणार? मला फार वाईट वाटलं आणि ते मी लपवणार नाही.

शिखर शिंगणापूरला गेलेला आमचा मित्र आज वकील आहे. त्याच्या पुढाकाराने आमच्या 1992 च्या दहावीच्या तुकडीची बैठक झाली. त्यात ठरलेलं इथे लिहून ठेवते, म्हणजे समितीच्या नोंदीत राहील. लिंबांच्या बाजूचा तुकडा गाड्यांपासून मोकळा करून द्यावा. तिथलं सपाटीकरण, माती, फक्की, दोन नवे सागवानी खुंट आणि लेझमी, हा खर्च आमच्याकडे. क्रीडा प्रशिक्षकाचं तीन वर्षांचं मानधनही आम्ही उभं करू. अट इतकीच की मैदान शाळा सुटल्यावर गावातल्या सगळ्या मुलामुलींना खुलं असावं आणि खेळाचा तास फक्त संघाच्या सरावाला देऊ नये. संस्थेने होकार कळवला की पुढच्या जूनपासून काम सुरू करता येईल. आखणी कशी करायची, ते सरांकडून मी कागदावर उतरवून घेतलं आहे.