सुरुंगाचं अर्धं भोक

कॅलिफोर्नियात डॉनर खिंडीच्या जुन्या रस्त्यावर आम्ही दरडींची पाहणी करत होतो. कुठला कातळ सुटलाय, जाळी कुठे ठोकायची, हे ठरवणं माझं काम. दुपारी एका कड्यावर भेग चाचपताना बोट एका गुळगुळीत, सरळ खोबणीत शिरलं. सुरुंगाच्या भोकाची उरलेली अर्धी बाजू!

नोकरीची पहिली तीन वर्षं मी बोरघाटात काढली आहेत. हे यंत्राचं काम नव्हे, हे लगेच कळलं. गोलाई पुरी नव्हती. एकाने पहार धरायची, ठोक्यागणिक जराशी फिरवायची आणि दोघांनी आळीपाळीने घण घालायचे, तेव्हा असं भोक पडतं.

सोबतची सहकारी जवळ आली. तिच्या आईचं घराणं मूळचं दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँगचं. "आमचे खापरपणजोबा याच डोंगरात होते म्हणतात," ती म्हणाली.

सॅक्रामेंटोहून पूर्वेकडे निघालेली सेंट्रल पॅसिफिक कंपनीची रेल्वेलाइन इथेच अडली होती. ६ नंबरचा बोगदा १,६५९ फुटांचा, सगळा ग्रॅनाइट. दोन्ही तोंडांकडून, शिवाय मधोमध विहीर खणून तिच्या तळातून दोन्ही अंगांना, असं चार ठिकाणी खोदकाम चाले. तरी एकेका ठिकाणी दिवसाला जेमतेम फूटभर. १८६६-६७च्या हिवाळ्यात मजूर बर्फाखालच्या भुयारांतून कामावर जात. हिमलोटांनी कित्येक गाडले गेले. ऑगस्ट १८६७मध्ये बोगदा आरपार झाला.

त्याच्या दोनच महिने आधी हजारो चिनी मजुरांनी काम बंद ठेवलं होतं. महिना ४० डॉलर पगार आणि कामाचे तास कमी, एवढंच मागणं. बांधकामाचा कारभार पाहणाऱ्या चार्ल्स क्रॉकरने त्यांचं धान्य तोडलं. आठवड्यात संप मोडला. हे वाचून मला आजही संताप येतो.

"मस्टरवर त्यांचं नाव सापडलं का?" मी विचारलं.

"मुकादमांची नावं आहेत. खाली नुसती माणसं किती आणि पैसे किती."

२८ एप्रिल १८६९ला एका दिवसात दहा मैल रूळ टाकले, तेव्हा रूळ उचलणाऱ्या आठ आयरिश मजुरांची नावं नोंदली गेली. त्यांच्याबरोबर राबलेल्या चिन्यांची नाहीत. पुढे बाराच दिवसांनी युटातल्या प्रोमॉन्टरीला हे रूळ पूर्वेकडून आलेल्या लाइनला जुळले.

तिने करंगळी खोबणीत घातली आणि तळापर्यंत नेली. बराच वेळ ती बोलली नाही.

संध्याकाळी अहवालात मी लिहिलं: जुनं हाताने पाडलेलं भोक. जाळीचा बोल्ट इथे मारू नये, दोन फूट डावीकडे घ्यावा.