पेटीचा सहावा महिना: यमन आणि डावा हात

आजोबांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, घरी येऊन सहा महिने झाले. साडेतीन सप्तकं, खर्ज-नर असे जोडसूर (एका पट्टीला खालचा आणि मधला असे दोन सूर), सागवानी खोकं. मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) बोलत नव्हता, तो आता बोलतोय. पितळी जिभेखाली (हवेनं थरथरून सूर देणाऱ्या पातळ पातीखाली) धूळ अडकली होती. झाकण काढून पातळ कागदाची पट्टी जिभेखालून हळूच सरकवली, दोनदा फुंकर मारली आणि तो सूर पुन्हा वाजवला. कानशीला मात्र मी हात लावत नाही. जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, आणि एकदा घासलेलं पितळ परत येत नाही. ते काम जाणत्यानंच करावं.

मेमध्ये वेगळाच त्रास झाला. गंधाराची (ग ची) पट्टी दाबली की वर येईना. कारागिराकडे नेली. त्यांनी स्प्रिंग बदलून पैसे घेतले, आठ दिवसांत तोच गंधार परत अडकला. मग लक्षात आलं, पेटी कूलरच्या झोतात होती! नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद ठेवणं शक्य नाही, पण त्याची ओल लाकूड पितं आणि पट्ट्या फुगतात. पेटी आतल्या कोरड्या खोलीत हलवली, तिसऱ्या दिवशी गंधार मोकळा झाला. विदर्भातल्या पेटीवाल्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवा. पावसाळ्यात तर जास्तच.

आता मुख्य गोष्ट. सहा महिन्यांत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते डाव्या हातानं. नागपूरच्या महाल भागातले माझे गुरुजी सुरुवातीचे दोन महिने रोज दहा मिनिटं फक्त षड्ज (सा) धरायला लावत. भाता ओढताना सूर फुगायला नको, सोडताना बसायला नको. "ताई, हात थांबला की गाणाऱ्याचा श्वास अडकतो," ते म्हणत. मला वाटायचं बोटं चालली की झालं. आज कळतंय की आस, म्हणजे सुराचं टिकून राहणं, सगळी भात्यात आहे.

सध्या काळी एकमध्ये (पहिली काळी पट्टी सा धरून) यमन राग चालू आहे. नि-रे-ग घ्यायचं तर पांढरी एक, काळी दोन, पांढरी चार. मधला षड्ज टाळायचा. पेटीवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, ही जुनी तक्रार. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत टिकली, त्यामागेही हेच एक कारण होतं. पण निषादावरचं बोट एकदम न उचलता रिषभ दाबायचा, आणि त्याच क्षणी भात्याचा जोर किंचित कमी करायचा. दोन सुरांमधला सांधा मऊ होतो. मला दहांतून चारदा जमतं.

हा सांधा ऐकायचा असेल तर मनोहर चिमोटे ऐका. १९२९ साली आपल्या नागपुरात जन्मलेला हा माणूस, भीष्मदेव वेदींचा शिष्य. त्यांनी पेटीला स्वरमंडळाच्या (छेडायच्या तारांचं वाद्य) तारा जोडल्या, संवादिनी म्हणून एकल वादनाचं वाद्य केलं. त्यांचा संथ आलाप ऐकताना पट्ट्या आहेत हेच विसरायला होतं. पेटीवादक तुळशीदास बोरकरांचा भाता ऐकायचा तो नादाच्या गोलाईसाठी. एकही सूर टोचत नाही. आणि साथ शिकायची तर माझ्या मते गोविंदराव पटवर्धनांकडूनच. कुमार गंधर्वांसारख्या गायकाची फेक कुठे वळेल सांगता येत नाही, तरी गोविंदरावांची पेटी मागे राहत नाही आणि पुढेही घुसत नाही. गेले पंधरा दिवस मी त्यांची एकच ध्वनिमुद्रिका रोज सकाळी लावते, पेटी न उघडता, नुसती ऐकायला.

परवा आत्याच्या भजनी मंडळात पहिल्यांदा साथीला बसले. दोन अभंग. पहिल्यात माझा डावा हात घाबरून आखडला. दुसऱ्यात आत्यानं अंतऱ्याचा शेवटचा शब्द लांबवला, मी बोटं न हलवता नुसता भाता धरून ठेवला आणि तिचा श्वास संपेपर्यंत सूर तसाच राहिला. उठताना ती म्हणाली, "पुढच्या गुरुवारी पेटी घेऊनच ये गं." घरी येऊन फोनवरचं ध्वनिमुद्रण ऐकलं. धृपदावर परतताना मी प्रत्येक वेळी अर्धी मात्रा घाई करतेय. या महिन्यात तेच दुरुस्त करायचं आहे.