एन्शंट सिटी, दक्षिण बाजू पूर्ण: वॉर्डनला न उठवता

माइनक्राफ्टमधल्या एन्शंट सिटी या जमिनीखालच्या शहराची दक्षिणेकडची बाजू झाली. मधल्या भागापासून त्या टोकाच्या तुटक्या भिंतीपर्यंत आता एकच श्रीकर (किंचाळून वॉर्डनला बोलावणारा ब्लॉक) शिल्लक आहे, आणि तोही मी मुद्दाम ठेवलाय (कशासाठी ते पुढे येईल). पेट्या उघडून झाल्या, लूट वर तळावर पोहोचली. ज्यांनी मागची नोंद वाचली नसेल त्यांच्यासाठी: माइनक्राफ्ट, जावा एडिशन, सर्व्हायव्हल, डिफिकल्टी हार्ड. शहराची जमीन वाय (उंचीचा आकडा) उणे ५१ वर. उतरायचा जिना मी शहराबाहेरच संपवलाय, जवळच्या सेन्सरपासून (आवाज पकडणारा ब्लॉक) चांगला लांब.

वॉर्डनशी, म्हणजे या शहरात जमिनीतून उठणाऱ्या राक्षसाशी, लढायचं की लपायचं, हा वाद आपल्या मंडळींत चालूच असतो. माझं मत पक्कं आहे: लपायचं. त्याची हेल्थ ५००, आपली २०. हार्डवर त्याचा एक फटका ४५चा, नॉर्मलवर ३०चा. लांब पळून उंचावर चढलात तर सॉनिक बूम (लांबून मारलेला आवाजाचा झोत) येतो. हार्डवर तो १५चा असतो, त्याला चिलखत अडवत नाही, ढाल अडवत नाही, भिंतसुद्धा अडवत नाही. आडवं १५ ब्लॉक आणि उभं २० ब्लॉक एवढा त्याचा पल्ला. इतकं सगळं करून मारलाच, तर हातात काय? एक स्कल्क कॅटलिस्ट नावाचा ब्लॉक आणि ५ एक्सपी (अनुभवाचे गुण). गेम बनवणाऱ्या मोजांगने २०२०च्या ऑक्टोबरमध्ये वॉर्डन पहिल्यांदा दाखवला आणि ७ जून २०२२ला वाइल्ड अपडेटमध्ये दिला, पण बक्षिसाचा हा आकडा पाहिला की त्यांच्या मनात काय होतं ते स्वच्छ दिसतं. हा मारण्यासाठी बनवलेला मॉब (गेममधला जीव) नाही. त्याच्या घरातून त्याला कळू न देता काम उरकायचं, हाच खेळ आहे, आणि मला तो या गेममधला सगळ्यात सुंदर खेळ वाटतो.

वॉर्डन आंधळा आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण खरी लढाई त्याच्याशी नाहीच, ती सेन्सरशी आहे. स्कल्क सेन्सर ८ ब्लॉकच्या आतला आवाज पकडतो, आपल्या ८ ब्लॉकच्या आतल्या श्रीकरला कळवतो, श्रीकर किंचाळतो आणि तुमची इशारा पातळी एकने वाढते. चौथ्या पातळीला वॉर्डन जमिनीतून वर. पातळी उतरायला दर पायरीला १० मिनिटं लागतात, आणि तीही मध्ये दुसरा श्रीकर वाजला नाही तर. सेटिंगमध्ये सबटायटल चालू ठेवा, हे मी प्रत्येकाला सांगतो. पहिल्या किंकाळीनंतर ‘वॉर्डन ॲप्रोचेस’, दुसरीनंतर ‘वॉर्डन ॲडव्हान्सेस’, तिसरीनंतर ‘वॉर्डन ड्रॉज क्लोज’. तिसरं दिसलं की मी हातातलं काम टाकून जिन्यावर येतो. अर्धा तास वर शेतीची कामं उरकायची, मग खाली.

आता या वेळची पद्धत. शिफ्ट दाबून वाकत पेटीपर्यंत जायचं, उघडायची आणि पळायचं, असं बरेच जण करतात. मला ते पटत नाही. शिफ्ट दाबल्यावर पावलांचा आवाज थांबतो, उडी मारून खाली आल्याचा थांबतो, स्नोबॉल फेकल्याचाही थांबतो. पण पेटी उघडल्याचा आवाज होतोच. ब्लॉक फोडल्याचा होतो, टॉर्च लावल्याचा होतो. सेन्सरवर किंवा श्रीकरवर पाय पडला तर शिफ्ट दाबलेली असूनही तो वाजतो. म्हणजे नुसतं हळू चालून शहर रिकामं होत नाही. आधी शहर बहिरं करावं लागतं, पेट्या नंतर.

त्यासाठी लोकर. लोकरीचा ब्लॉक ठेवताना आवाज होत नाही, फोडताना होत नाही, त्यावर पळालात तरी होत नाही. आवाज आणि सेन्सर यांच्या मधल्या सरळ रेषेत लोकर आली की आवाज तिथेच थांबतो. कार्पेटवर चाललेलंही ऐकू जात नाही, पण कार्पेट मधला आवाज अडवत नाही. हा फरक लक्षात ठेवा.

सेन्सर दिसला की वाकून त्याच्याजवळ जायचं, चारही बाजूंना एकेक लोकरीचा ब्लॉक, पाचवा डोक्यावर. खाली तर जमीन असतेच. झाला तो बहिरा. एका श्रीकरच्या आसपासचे सगळे सेन्सर असे झाकून झाले, की मगच श्रीकरला हात लावायचा. कुदळीने (इंग्रजीत hoe) तो पटकन निघतो. एक गोष्ट मात्र जपायची: श्रीकर किंचाळायला लागल्यावर तो फोडून काही साधत नाही. किंचाळी सुरू असताना फोडला तरी पातळी वाढलेली राहते, आणि चौथी असेल तर वॉर्डन येतोच. म्हणून क्रम महत्त्वाचा. कडेपासून आत जायचं, आधी सेन्सर, मग श्रीकर, मग टॉर्च, सगळ्यात शेवटी पेटी.

मी पांढरी लोकर वापरतो. करडी किंवा काळी शहरात मिसळून जाते आणि दिसायला छान दिसते, हे खरं. पण श्रीकर वाजल्यावर डार्कनेस चढतो, नजर आत आत मिटत जाते, आणि तेव्हा कुठला सेन्सर झाकलाय आणि कुठला उघडा आहे हे क्षणात कळायला हवं. अंधारात पांढरा ठोकळा दिसतो. काम झालेल्या गल्लीकडे मागे वळून पाहिलं की खुणा लावत आल्यासारखं वाटतं, आणि परतीची वाटही तीच.

लोकर वरूनच न्यायला हवी असं नाही. शहरातच करड्या लोकरीचे ब्लॉक आणि निळी कार्पेट जागोजागी आहेत. ज्यांनी हे शहर बांधलं असं गेम दाखवतो, त्यांनी आपल्या वाटांवर लोकर अंथरली होती! दालनाच्या उंबऱ्याशी बसून ती नीट पाहा. कुठे आहे, कुठे विरलीय. हे लोक आवाज सांभाळून राहत होते, हे एकही शब्द न लिहिता सांगितलंय. मला हे शहर फार आवडतं ते यामुळे. आणि उपयोगाची गोष्ट म्हणजे ती लोकर फोडताना आवाज होत नसल्यामुळे तिथल्या तिथे उचलून वापरता येते.

लूट थोडक्यात. स्विफ्ट स्नीकची (वाकून चालण्याचा वेग वाढवणारी जादू) पुस्तकं मिळाली, आणि ती या शहराच्या पेट्यांशिवाय कुठेच मिळत नाहीत. ऐरणीवर जोडून लेव्हल तीन केली आणि लेगिंग्जवर चढवली. वाकून चालताना वेग नेहमीच्या चालण्याच्या ३० टक्के असतो. दर लेव्हलला १५ टक्के वाढतात, म्हणजे लेव्हल तीनला ७५. शंभर ब्लॉकची गल्ली आधी सव्वा मिनिटाच्या वर घ्यायची, आता अर्ध्या मिनिटात पार होते. उत्तर बाजूला जाण्याआधी हे हातात असणं मोठी गोष्ट आहे. इको शार्ड आठ झाले, त्यांच्यात कंपास ठेवून रिकव्हरी कंपास बनवला. शेवटचं जिथे मेलो ती जागा तो दाखवतो. ‘फाइव्ह’ या गाण्याच्या डिस्कसाठी नऊ तुकडे लागतात, ते अजून पुरे झालेले नाहीत.

बर्फाच्या कोठीतल्या पेटीत स्नोबॉल मिळाले, आणि त्यावरूनच मुद्दाम ठेवलेल्या श्रीकरची गोष्ट.

उत्तरेला मधल्या मोठ्या चौकटीभोवती श्रीकर दाट आहेत. तिथे वॉर्डन उठलाच तर काय करायचं, हे पाठ असल्याशिवाय मला आत जायचं नव्हतं. म्हणून मोकळ्या, ओळखीच्या जागेत त्याला बोलवायचं ठरवलं. किमती सामान सगळं वर ठेवलं. अंगावर साधं लोखंडी चिलखत, स्विफ्ट स्नीकची लेगिंग्ज, हॉटबारमध्ये (हाताशी असलेल्या वस्तूंची पट्टी) लोकर आणि स्नोबॉल. धाकटा भाऊ शेजारी स्क्रीनकडे बघत बसला होता. श्रीकरवर पाय दिला, किंचाळी. दोन किंकाळ्यांत किमान १० सेकंद जावे लागतात, नाहीतर पातळी वाढत नाही. चौथ्या किंकाळीला जमीन हलली.

तो बाहेर यायला सात-एक सेकंद घेतो, आणि तेवढ्यात शांतपणे दहा-बारा ब्लॉक लांब जाता येतं. मी गेलो आणि थांबलो. पहिल्यांदा ऐकू येतात ते हृदयाचे ठोके. राग वाढला की ठोके जलद होतात, त्यामुळे डोळे मिटूनही त्याची मनःस्थिती कळते. माझ्याकडे दोन पावलं आला, थांबला, मान उचलून हुंगलं. हुंगण्याचा पल्ला आडवा ६ ब्लॉक आहे, मी त्याच्या बाहेर होतो. डोक्यावरची ती दोन निळी शिंगं आवाज आला की थरथरतात. ती स्थिर होती.

“दादा, हलू नकोस,” भाऊ इतक्या हळू बोलला की जणू वॉर्डन खोलीतच होता.

वाकलेल्या अवस्थेतच एक स्नोबॉल डावीकडच्या भिंतीवर फेकला. शिंगं थरथरली, तो वळला आणि सरळ भिंतीकडे चालत गेला. इथे घाई करायची नाही. पाच सेकंदांच्या आत दुसरी वस्तू फेकली आणि तुम्ही ३० ब्लॉकच्या आत असलात, तर तो फेकणाऱ्यावर संशय घ्यायला लागतो. मी मनात दहापर्यंत मोजलं, मग दुसरा आणखी लांब टाकला. तो तिकडे गेला.

रागाचं गणित असं आहे: तुमच्या प्रत्येक आवाजाला ३५, हुंगून सापडलात तरी ३५, अंगाला धडकलात तरी ३५. ८० झाले की तो तुमच्यावरच येतो. दर सेकंदाला एक उतरतो. म्हणजे लागोपाठ दोन आवाज तो सोडून देतो, तिसरा नाही. दुसरा आवाज झाला तर पळण्यापेक्षा जागेवर थांबणं जास्त शहाणपणाचं, कारण पळणं हाच तिसरा आवाज असतो. तो तुमच्या चालण्यापेक्षा जलद आहे, हेही विसरू नका.

त्यानंतर मी काहीच केलं नाही. ६० सेकंद एकही आवाज कानावर पडला नाही की तो जमिनीत परत जातो, आणि प्रत्येक नवा आवाज हे घड्याळ पुन्हा सुरुवातीला नेतो. नजर फिरवून बघायचा मोह होतो, हॉटबार बदलायचा मोह होतो. ते केलं तर चालतं, आवाज होत नाही, पण मी हात कीबोर्डवरून उचलूनच बसलो, फक्त शिफ्टवर करंगळी. ठोके मंदावले, लांब गेले, आणि तो खाली उतरला.

तो गेला म्हणून इशारा पातळी शून्य होत नाही. ती चारवरच असते आणि १० मिनिटांनी एक अशी उतरते. पुढची किंकाळी पुन्हा त्यालाच बोलावणार. म्हणून त्या दिवशी शहरात आणखी काही केलं नाही.

सिल्क टचने (ब्लॉक अख्खा उचलू देणारी जादू) उचललेले काही श्रीकर तळाच्या दाराशी लावलेत. खेळाडूने स्वतः लावलेला श्रीकर किंचाळतो, पण वॉर्डनला बोलवत नाही. पाहुणा आला की कळतं, भावाला ते फार आवडलंय.

पुढचं काम: उत्तरेची चौकट आणि तिच्याखालची लपलेली रेडस्टोनची खोली. चौकट रिइन्फोर्स्ड डीपस्लेटची आहे, सर्व्हायव्हलमध्ये ती कुणालाच नेता येत नाही, तिचा मला मोहही नाही. मला ती खोली पाहायचीय, कारण तिथे सेन्सर आणि लोकरीचे प्रयोग मांडून ठेवलेले आहेत, आणि आपण इथे जे करतोय तेच तिथे कुणीतरी आधी करून पाहिल्यासारखं दिसतं. एका बाजूने एकेक सेन्सर झाकत जायचा बेत आहे. दोघं मिळून गेलात तर एक लक्षात ठेवा, १६ ब्लॉकच्या आत असलेल्या सोबत्याचीही पातळी तुमच्याबरोबर वाढते. म्हणून भाऊ या वेळी जिन्यावर थांबणार आणि लोकर पुरवणार. मेंढ्यांच्या कुरणातली सगळी पांढरी लोकर कापून ठेवलीय, चार स्टॅक (गठ्ठे) पुरतील असा अंदाज आहे. कुणी उत्तर बाजू याच पद्धतीने केली असेल तर चौकटीच्या पायऱ्यांजवळचे सेन्सर कुठल्या बाजूने घेतले ते नक्की सांगा.