बेडं

आमच्या घराला गेट नाही, बेडं आहे. कोकणाबाहेरच्या माणसाला हे समजवायला फार वेळ जातो. जांभ्याचा गडगा जिथे तुटतो तिथे समोरासमोर दोन खांब, दोन्हींना भोकं आणि त्या भोकांतून सरकवलेले चार आडवे बांबू, झालं बेडं. आत यायचं तर वरचे दोन सरकवायचे आणि खालच्या दोनांवरून टांग टाकायची, म्हातारं माणूस असेल तर चारही काढायचे. कडी नाही, कुलूप नाही, बेल तर नाहीच, येणारा तिथूनच हाक मारतो आणि आतून उत्तर यायच्या आधी खळ्यात पोचलेला असतो. कारण बेडं माणसांसाठी नसतंच मुळी, ते गुरांसाठी असतं, नाहीतर गुरं आगरात घुसून आईची जास्वंद साफ करतात.

म्हणजे २०२० सालापर्यंत आम्ही तरी असंच धरून चाललेलो.

त्या वर्षी होळी ९ मार्चला आली. पुण्यात कोरोनाचे पहिले पेशंट सापडले तेही नेमके त्याच दिवशी, पण इथे लक्ष कोणाचं होतं? पालखी घरोघर फिरत होती, चाकरमानी रजा टाकून खांदा द्यायला आलेले, नालासोपाऱ्याहून आमचा दादा पण आलेला. दादा म्हणजे मोठ्या काकांचा मुलगा, काका-काकू आता नाहीत पण घरपट्टीवर अर्धं नाव त्याचं. पालखी यायच्या आदल्या दिवशी बेड्याचे दोन बांबू कुजलेले दिसले तर पठ्ठ्याने स्वतः कोयती घेऊन बेटातून नवीन तोडून आणले, तासले आणि बसवले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग २२ मार्चला संध्याकाळी ५ वाजता थाळ्या वाजवायच्या ठरल्या. शिमग्यात बोंबा मारून तयार झालेल्या गावाला यात शिकवण्यासारखं काही नव्हतं. देशाला पाच मिनिटं सांगितली होती, आमच्या वाडीत अर्धा तास चाललं. अण्णांनी हाताला लागली म्हणून आईची पितळी परात घेतली आणि वर लाकडी मुसळाने... परातीला जो पोचा आला तो अजून आहे, आणि कोरोनाने आपलं काय नुकसान केलं असं कोणी विचारलं की आई आधी ती परात आणून दाखवते.

लॉकडाउन सुरू झाला तो पाडव्याच्या दिवशी, २५ मार्चला. गुढी उभी राहिली पण बघायला रस्त्यावर कुत्रं नव्हतं. मग व्हॉट्सअ‍ॅपने गावाचा ताबा घेतला. कापूर-लवंगेची पुरचुंडी गळ्यात, अर्सेनिकम अल्बमच्या गोळ्या सकाळी उपाशीपोटी, आणि काढा तर विचारू नका. आमच्या परसात दालचिनीचं झाड, मिरीचा वेल माडावर चढलेला, त्यामुळे सामानाला तोटा नाही, आईने इतका काढा पाजला की अण्णा म्हणाले, "कोरोनाने मरेन तेव्हा मरेन, तुझ्या काढ्याने आताच आतडी जळतील."

आणि गावाने फाट्यावर बेडं घातलं. म्हणजे रस्त्यात आकेशीचं झाड आडवं, त्यामागे चिरे रचलेले, बाजूला प्लास्टिकची खुर्ची आणि एक वही. ग्रामकृती दल. मी पण होतो दलात, खोटं कशाला बोला, तोंडाला रुमाल आणि हातात काठी घेऊन उभं राहायला सुरुवातीला जरा बरं पण वाटायचं. त्या वह्या कुठेतरी असतील अजून, कोण आलं, कुठून आलं, किती वाजता, सगळं माझ्या अक्षरात.

मे महिन्यात त्याच फाट्यावरून हापूसच्या पेट्या मुंबईला जायला लागल्या. मार्केटचा भरवसा नव्हता म्हणून लोकांनी थेट तिकडच्या सोसायट्यांच्या ऑर्डरी घेतल्या, टेम्पो भरून पाठवले. टेम्पो आला की आम्हीच धावत जाऊन झाड बाजूला ओढायचो. मुंबईच्या पैशाला वहीत नोंद नव्हती. तसं बघायला गेलं तर हा अख्खा गाव मुंबईच्या मनीऑर्डरीवर वाढलेला, देवळाचं छप्पर चाकरमान्यांच्या वर्गणीचं, पण तिकडची माणसं येणार म्हटलं की मीटिंगमध्ये आवाज चढायचे. माझा पण चढला असेल एक-दोनदा.

दादाला तीन वेळा अर्ज केल्यावर ई-पास मिळाला. बायको, दोन पोरं, भाड्याची गाडी, कशेडीला तपासणीच्या रांगेत चार तास, असं करत २१ मेला पहाटे तो बेड्यापाशी येऊन उभा राहिला. क्वारंटाइनसाठी शाळेत जायच्या आधी फक्त घर दाखवायला पोरांना आणलं म्हणाला. आई धावत निघाली तर तोच ओरडला, "काकी, लांब राहा गो, आम्ही मुंबईचे!" आईने पाण्याचा तांब्या गडग्यावर ठेवला आणि मागे सरकली. आणि तेवढ्यात त्याची धाकटी, पाच वर्षांची, दरवेळी करते तसं खालच्या दोन बांबूंच्या मधून आत शिरायला लागली. मी ओरडलो, "थांब गो तिथेच!" कुत्र्यावर ओरडावं तसा. एक पाय आत, एक पाय बाहेर, पोर जागच्या जागी थिजली, रडली पण नाही. दादाने तिला उचलून मागे घेतलं. त्याचा हात ज्या बांबूवर टेकलेला होता तो त्यानेच शिमग्यात तासलेला.

चौदा दिवस शाळेत. रोज दुपारी मी डबा नेऊन पायरीवर ठेवायचो, आंब्याच्या झाडापर्यंत मागे यायचो, मग तो उचलायचा. आशाताई कपाळाला थर्मल गन लावायच्या, सड्यावरच्या त्या उन्हात कधी ९३ दाखवायचं कधी १०१, त्या बिचाऱ्या गन झटकून परत लावायच्या. गंमत म्हणजे गावात रेंज फक्त शाळेपाशी, त्यामुळे गावातल्या बातम्या आम्हाला क्वारंटाइनवाल्यांकडून कळायच्या. धाकटी खिडकीतून बघायची पण माझ्याशी बोलायची नाही.

चौदावा दिवस ३ जून. आणि त्याच दिवशी निसर्ग वादळ. सकाळपासूनच वारा भणभणत होता, दुपारी तर माड जमिनीला टेकून परत उभे राहताना बघितले आणि मग काही उभे राहिलेच नाहीत. शाळेचे पत्रे उडाले. वरून शाळेतली तिन्ही कुटुंबं भिजत, वाकत खाली आली, वाटेत जे घर लागेल त्यात शिरली. दादाची मंडळी घरापर्यंत पोचली तेव्हा बेड्यावर पोफळ पडून चारही बांबूंचा भुगा झालेला, ते पोफळीवरून चढून आत आले. पडवीची कौलं गेलेली, माजघरात शेजाऱ्यांसकट अकरा माणसं, मास्क कोणाच्याच तोंडाला नाही. आई धाकटीचे केस आपल्या पदराने पुसत बसली होती. संध्याकाळी वारा पडल्यावर अण्णा म्हणाले, "आजचा दिवस चौदात धरायचा की नाही रे?"

आगर भुईसपाट झालं. लाइट आली ती तीन आठवड्यांनी. दादाची कंपनी बंदच होती, तो राहिला. आडव्या पडलेल्या पोफळी कापून त्यानेच वासे काढले आणि बेडं नव्याने घातलं, मी नुसता दुसरं टोक धरायला. त्या दिवसाबद्दल तो काही बोलला नाही, मी पण नाही.

ऑगस्टमध्ये गणपतीला येणाऱ्यांसाठी परत फाट्यावर माणसं लागली, या वेळी दहा दिवसांचं क्वारंटाइन. मला बोलावणं आलं. मी कळवलं की घशात जरा खवखवतंय. त्यानंतर चार दिवस आमच्या बेड्याच्या आत कोणी पाऊल टाकलं नाही, पण फाट्यावर उभं राहायचं टळलं.

पोफळीचे वासे फार टिकत नाहीत, दोनदा बदलून झाले. अण्णा लोखंडी गेटचं काढतात मधून मधून, पण खाऱ्या हवेत ते किती टिकणार. धाकटी आता मोठी झाली, मे महिन्यात येते. ती मधून शिरत नाही, वरून टांग टाकत नाही, आली की चारही वासे काढून गडग्याला टेकवून ठेवते आणि परत लावत नाही. यंदा दोनदा शेजारची गाय शिरून जास्वंद खाऊन गेली. आई त्या गाईला काय काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही, पोरीला मात्र एक अक्षर नाही.