झेडचा नॉर्म किती?

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षातली गोष्ट. डिपार्टमेंटच्या सेमिनारला माझा टॉक होता, दोन महिने घासलेलं प्रूफ, 14 पानं टाइप करून तयार, आणि आदल्या रात्री मी चक्क गाढ झोपलो (एरवी टॉकच्या आधी डोळ्याला डोळा लागत नाही, तेव्हाच शंका यायला हवी होती).

विषय बर्गमन स्पेस. युनिट डिस्कवरची (कॉम्प्लेक्स प्रतलातली, त्रिज्या एकची चकती) अॅनालिटिक फंक्शन्स घ्यायची, व्हेरिएबल झेड, ज्यांच्या मॉड्युलसच्या वर्गाचं डिस्कच्या क्षेत्रफळावर इंटिग्रल फायनाइट येतं अशी, आणि ऑपरेटर एकच, झेडने गुणायचं, म्हणजे शिफ्ट. हार्डी स्पेसमध्ये (फंक्शन्स त्याच डिस्कवरची, पण लांबी क्षेत्रफळावर नाही, कडेच्या वर्तुळावर मोजायची) या शिफ्टच्या सगळ्या इनव्हेरियंट सबस्पेस, म्हणजे झेडने गुणलं तरी ज्यांच्या बाहेर पडता येत नाही अशा, बर्लिंग या गणितज्ञाने 1949 मध्येच सांगून टाकल्यात, शून्य सोडली तर प्रत्येक सबस्पेस म्हणजे एका इनर फंक्शनने (वर्तुळावर ज्याचा मॉड्युलस जवळपास सगळीकडे एक असतो असं) अख्खी स्पेस गुणलेली. तिथे सबस्पेसमधून तिची झेडने गुणलेली कॉपी वजा केली की काटकोनात उरतो तो भाग एकाच डायमेन्शनचा असतो. माझा दावा, बर्गमनमध्येही तसंच.

बोर्डवर तिसरीच ओळ लिहिली, एफ आणि जी दोघं त्या उरलेल्या भागातले, एकमेकांना काटकोनात, म्हणून दोघांना झेडचे कुठलेही घात लावले तरी काटकोनातच. मागून एका मॅडमनी विचारलं, "झेडचा नॉर्म किती रे?"

"एक."

"कुठल्या स्पेसमध्ये?"

खडू हातात होताच, इंटिग्रल काढलं. नॉर्मचा, म्हणजे लांबीचा, वर्ग 1/2. झेडच्या वर्गाचा 1/3. मग कान गरम झाले. हार्डीत शिफ्ट कुणाची लांबी बदलत नाही म्हणून दोन्हीकडचे घात कापता येतात, इथे तो लांबी खातो, आणि मी सवयीने कापत सुटलो होतो.

बरं, नुसतं प्रूफ चुकलं असतं तर ठीक, दावाच खोटा होता! अपोस्टोल, बर्कोविची, फोयाश आणि पिअर्सी यांच्या 1985 च्या कामातून निघतं की ते डायमेन्शन कितीही, अगदी अनंतसुद्धा असू शकतं, आणि हेडेनमाल्मने 1993 मध्ये दोनचं उघड उदाहरण बांधून दाखवलंय. दोन्ही पेपर माझ्याच लॅपटॉपवर डाउनलोड करून पडलेले, न उघडलेले.

चहाला मॅडम म्हणाल्या, आलेमन, रिश्टर, सुंडबर्गचा 1996 चा पेपर वाच, उरलेला भाग कितीही मोठा असला तरी तोच अख्खी सबस्पेस जनरेट करतो (झेडने गुणत, बेरजा आणि लिमिट घेत सगळी मिळते), तेवढं बर्लिंगचं इथेही टिकतं. रात्री वाचला. मग माझ्या थिअरममध्ये सबस्पेस एकाच फंक्शनने जनरेट झालेली असावी एवढी अट घातली, कारण तिथे डायमेन्शन खरंच एक येतं, आणि 14 पैकी पाच पानं शाबूत राहिली.